सोड्यात धुतलेली रबरं

शहादेवने चौसाळ्याहून आणलेली पुडी तळहातात मावेल एवढीच होती. चंद्रभागाबाईंनी ती उजेडाकडे धरून पाहिली. आत दोन खुंट्या असलेला लोखंडाचा तुकडा, एक सुटी पट्टी, केसांच्या आकड्याएवढी क्लिप आणि चार बारीक रबरी कड्या. सगळं पिवळट वंगणात बरबटलेलं.

"एवढ्याशा डागापायी गाडी उभी हाय व्हय रं?"

"काकू, चेनचं लॉक हाय ते. चेनची दोन टोकं त्यानंच जोडायची. ते न्हाई तवर ही गाडी आन् तुमची दावणीची गाय सारखीच. जागेवर उभी."

"गाय दूध तरी देती," पलीकडच्या दावणीवरून रतनबाई म्हणाली. "तुमची गाडी नुसतीच हंबरती, भाऊजी."

छावणीतल्या बाया हसल्या. शहादेव हा चंद्रभागाबाईंच्या दिराचा मुलगा. ही दांडगी मोटारसायकल त्याने पाटोद्याच्या एका पुढाऱ्याच्या पोराकडून जुनी घेतली होती, लग्न जमवायला उपयोगी पडेल म्हणून. लग्न काही जमलं नाही. दुष्काळ मात्र आला, आणि नवरदेवाच्या गाडीला दोन्ही अंगांनी दुधाचे कॅन लटकले. आज सकाळी दूध पोचवून परतताना माळाच्या पायथ्याशी तिची चेन तुटली. गाडी ढकलत त्याने छावणी गाठली आणि मिळेल त्या टेम्पोने जाऊन हे लॉक आणलं.

"नाना आले की बसवू," पुडी कॅनच्या झाकणावर ठेवत तो म्हणाला. "तवर जपून ठिवा. मी टँकरला ड्रम लावून येतो."

तो गेला. चंद्रभागाबाई पुडीकडे बघत बसल्या.

तेरा सालचा उन्हाळा होता तो. विहिरींना तळ दिसून वर्ष उलटलं होतं. माळावर सरकारी चारा छावणी उघडली, तेव्हा गावातल्या बाया गाई घेऊन इथं राहायला आल्या. गोणपाटाचा आडोसा, त्याखाली चूल, शेजारी गाय. उसाचं वाढं मिळायचं ते तोडून गाईपुढे टाकायचं, टँकर आला की धावायचं, आणि दोन वेळा धार काढायची. बऱ्याच जणींची माणसं ऊसतोडीला गेली होती, ती आता परत येत होती. आल्यावर ती छावणीत गाईपाशी उभी राहायची आणि एकच गोष्ट बोलायची: गाय बाजारात लावू आणि पुण्याला जाऊ.

गाई अजून दावणीला होत्या त्या केवळ दुधामुळे. दूध जात होतं म्हणून बाईला म्हणता येत होतं, मी हिथंच राहते. आणि दूध जात होतं ते शीतकरण केंद्रात नोंदलेल्या संस्थेच्या नंबरावर. महिला दूध संस्था काढली तेव्हा चंद्रभागाबाई तरुण होत्या. घरोघरी फिरून त्यांनी बाया जमवल्या, अध्यक्ष झाल्या, आणि आजवर त्याच होत्या, कारण दुसरी कुणी उभीच राहिली नाही. शीतकरण केंद्राचा टेम्पो तेव्हा दारापर्यंत यायचा. यंदा दूध आटलं, टेम्पो बंद झाला. केंद्रावरच्या साहेबांनी सांगितलं, तुमचं तुम्ही आणून घाला, पण खाडा करू नका. एक दिवस जरी दूध आलं नाही तरी वरून नंबर कट होईल, आणि कट झालेला नंबर पुन्हा मिळत नाही. शेजारच्या गावचा तसाच गेला होता. तिथल्या दावणी आता रिकाम्या होत्या.

म्हणून उद्या सकाळी गाडी जायलाच हवी होती. आज सांजची धार आणि उद्या पहाटेची, दोन्ही घेऊन.

पुडी अशी उघड्यावर ठेवणं त्यांच्या जिवाला पटेना. त्यांनी ती उघडली तर बोटं चिकट झाली. रबरी कड्या वंगणात बुडालेल्या, त्यावर फुफाटा येऊन बसू लागलेला. कॅनच्या झाकणाचं रबर असंच असतं, फक्त मोठं. संस्थेच्या पहिल्या वर्षी बीडहून आलेल्या एका अधिकाऱ्याने शाळेच्या ओट्यावर बायांना बसवून सांगितलं होतं, की दूध दुधामुळे नासत नाही, भांड्यामुळे नासतं, आणि भांड्यात घाण लपते ती रबरात. ते वाक्य चंद्रभागाबाईंनी जन्माचं धरून ठेवलं. रोज दूध गेलं की रबर काढायचं, सोड्याच्या कढत पाण्यात घासायचं, उन्हात घालायचं. नव्या सुना त्यांना नमस्कार करायला वाकल्या की त्या विचारायच्या, "रबर काढलं का?" गावात त्याची थट्टा व्हायची. पण जिल्ह्यात स्वच्छ दुधाची ढाल मिळाली ती त्यांच्याच संस्थेला. तालुक्याला बैलगाडीतून मिरवत नेलं होतं त्यांना. त्या दिवशी नेसलेलं हिरवं लुगडं अजून पेटीत होतं.

चुलीवर चहाचं म्हणून ठेवलेलं वाटीभर पाणी होतं. आज चहा राहू द्या, असं म्हणून त्यांनी त्यात सोडा टाकला. चारही कड्या, पट्टी, खुंट्यांचा तुकडा, क्लिप, सगळं त्यात सोडलं. काडीने ढवळलं, अंगठ्याने चोळून काढलं. पुडीतलं उरलंसुरलं वंगण चिंधीने पुसलं आणि चिंधी चुलीत टाकली. ती भर्रकन पेटली. कड्या पाटीवर ओळीने वाळत घातल्या. काळ्या, कोरड्या, स्वच्छ. बघून त्यांना बरं वाटलं.

उन्हं कलताना आसाराम आला. चंद्रभागाबाईंचा नवरा, शहादेवचे नाना. गावातून चालत आलेला, खांद्यावरच्या पटक्यात पक्कड, हातोडी आणि एक जुना नट बांधलेला. सहकारी साखर कारखान्यात त्याने हयात घातली होती, गव्हाणीवर. उसाच्या मोळ्या जिथं पडतात आणि साखळीवरून आत ओढल्या जातात, ती जागा. दर हंगामाला पाहुण्यांच्या हस्ते गव्हाणीत मोळी टाकायचा कार्यक्रम व्हायचा. पाहुणे हार घालून घ्यायचे, बटण दाबायचे, आणि साखळी फिरवायचा तो आसाराम. चंद्रभागाबाई घरी भाकरी थापताना तो आवाज ऐकायच्या. वारा त्या अंगाचा असला की खडखड खडखड, रात्रंदिवस. कारखाना बंद पडला त्या वर्षी त्यांना कित्येक दिवस झोप लागली नव्हती, आवाज नाही म्हणून. आसारामचा डावा कान मात्र त्या आवाजाने कायमचा गेला. गव्हाणीत आता बाभळी उगवल्या होत्या. तेव्हापासून त्याला कुणी काही दुरुस्त करायला बोलावलं नव्हतं.

"कुठाय ते लॉक?"

टँकर आलाच नव्हता. शहादेव रिकामा ड्रम लोटत आला आणि पाटीकडे बघून थबकला. "काकू, ह्याचं वंगण कुठं गेलं?"

"पुसलं. घाण होती ती."

"घाण?" त्याने कपाळावर हात मारला. "आवं, दुकानदारानं मुद्दाम भरून दिलतं. ही साध्या गाडीची चेन न्हाई. हिच्या कडीकडीत रबर हाय. आतलं वंगण बाहेर जाऊ न्हाई आन् माती आत येऊ न्हाई म्हणून. रबरं वंगणात भिजवूनच बसवायची असत्यात. धुतली का काय?"

"सोड्यात."

"धन्य हाय!"

"मग तवाच सांगायचं होतंस," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "जपून ठिवा म्हणालास. मी जपलं."

रतनबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "भाऊजी, गाडीला बी ढाल मिळंल आता. सोच्छ गाडी."

"गप बे," आसाराम शहादेववर खेकसला, जणू हसला तो शहादेवच. "गव्हाणीच्या साखळीला आमी कुठं रबर लावलतं? माणसाएवढाली कडी होती एकेक. वंगण न्हाई तर तेल घाल. हाय का तेल?"

एरंडेल होतं. उन्हाने गाईंच्या सडांना चिरा पडत, त्याला लावायला चंद्रभागाबाईंनी बाटलीत ठेवलेलं. तेच आणलं. बाटली पालथी केली तर तळाचे चार थेंब आले. फोडणीचं तेल कुणाच्याच चुलीशी उरलं नव्हतं. एवढ्यात काय भिजणार?

बाया गोळा झाल्या. गाडी स्टँडवर घेतली. आसाराम मागच्या चाकापाशी मांडी घालून बसला, आणि चेनची दोन्ही टोकं चक्राच्या दात्यांवर शेजारी शेजारी आणली, दाते त्यांना धरून ठेवतील अशी. त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. खुंट्यांवर दोन रबरं चढवली, खुंट्या मागून दोन्ही टोकांतून पुढे काढल्या. पुढून उरलेली दोन रबरं, त्यावर पट्टी. आता पट्टी दाबायची, एवढी की खुंट्यांच्या टोकाची खाच पुरी बाहेर यावी. त्या खाचेत क्लिप बसणार होती आणि क्लिपच्याच जिवावर सगळं.

त्याने पट्टीवर नट ठेवला, पक्कड लावली आणि दाबलं. मानेच्या शिरा टरारल्या. पट्टी थोडी सरकली आणि अडली. कोरडं रबर कचकन वाजल्यासारखं झालं. त्याने पुन्हा दाबलं. पक्कड नटावरून निसटली.

"नाना, केसभर आत जायला पायजे अजून. खाच पुरी दिसंना."

"दिसती."

"एका बाजूची दिसती. दुसरी..."

"तुला दिसत न्हाई. मला दिसती. साखळीत माझी हयात गेली बे, तू मला शिकवतू?"

आसारामने क्लिप घेतली. तिचं बंद तोंड चेन पळते त्या बाजूला केलं, कारण उलटं बसलं तर वाटेतल्या दगडाने ती उघडते, हे त्याने बायांना सांगितलं. बायांनी माना डोलावल्या. मग पकडीने ढकललं. एका खुंटीवर खट् असा आवाज आला. दुसऱ्या खुंटीवर आवाज आला नाही. क्लिप नुसतीच जाऊन बसल्यासारखी दिसली.

चंद्रभागाबाईंनी ते ऐकलं. म्हणजे न आलेला आवाज ऐकला. कॅनचं झाकण नीट बसलं की नाही हे त्या रोज कानानेच ओळखायच्या. आसारामला ऐकू येणं शक्य नव्हतं. त्याचा तो कान त्याच बाजूला होता.

"बसली," तो म्हणाला आणि वर बघून हसला. घामाने निथळत होता. किती वर्षांनी त्याच्याभोवती माणसं अशी उभी होती. चाक हाताने फिरवलं तर चेन सरसर पळाली. रतनबाई म्हणाली, "मामा, मोळी टाकायची का आता?" आणि तो लहान पोरासारखा लाजला.

चंद्रभागाबाईंच्या ओठांवर आलं होतं, अवं, दुसऱ्या बाजूला वाजलं न्हाई. ते त्यांनी गिळलं. आपल्याला काय कळतं चेनमधलं, असं त्यांनी मनाला सांगितलं. आपण तर रबरं धुणारी बाई.

सांजची धार झाली. कॅनना ओली गोणपाटं गुंडाळली. पाणी पिंपाच्या तळाचं होतं, तेही संपलं.

सकाळी त्या स्वतः गाडीवर बसल्या. साहेबांना भेटून टेम्पोसाठी पुन्हा विनवायचं होतं. दोन्ही अंगांना कॅन, मधे त्या, पुढे शहादेव. बायांनी गाईंच्या पाठीवर हात ठेवून बघितलं. आसाराम रस्त्यापर्यंत गाडीमागे चालत आला. "हळू घे. गचके देऊ नगं," म्हणाला.

माळ उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. चंद्रभागाबाईंनी पदर दातात धरला होता आणि त्या चेनचा आवाज ऐकत होत्या. सरसर, सरसर. पुढे चढ लागला. शहादेवने गिअर कमी केला, गाडी गुरगुरली, आणि आवाज बदलला. टक. टक. मग काहीतरी तडकन उडालं, चेन सापासारखी मागे फटकारली आणि गाडीतला जीव गेला. ती आडवी झाली ती हळूच, जणू थकून. चंद्रभागाबाई धुळीत पडल्या. एक कॅन गडगडत नालीत गेला.

शहादेव धावला. "लागलं का काकू?"

"कॅन बघ. कॅन."

कॅनमधून थेंब सांडला नव्हता. झाकण जसंच्या तसं. रबर बसलेलं होतं ना नीट. चंद्रभागाबाई कॅनला मिठी मारून नालीच्या कडेला बसून राहिल्या.

शहादेव चढावर मागे पुढे धूळ उकरत फिरला. पट्टी सापडली. क्लिप सापडली नाही. त्याने एक रबरी कडी आणून काकूंच्या हातावर ठेवली. एका बाजूने चेपून फाटलेली. "ही मधे अडकली. कोरडी होती, सरकली न्हाई. म्हणून पट्टी पुरती बसली न्हाई आन् क्लिप उडाली." तो चिडून बोलत नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

मग वाहनांची वाट. पाण्याचा टँकर गेला, चालकाने हातानेच जागा नाही म्हणून दाखवलं. वाढं भरलेला ट्रॅक्टर उलट दिशेचा होता. एक जीप भरून गेली, पाठीमागे माणसं लोंबकळत होती. तोडीहून परतणारी कुटुंबं ट्रॉलीत बसून गेली, त्यांच्यातल्या एका बाईने चंद्रभागाबाईंकडे बघून हात हलवला, ओळख नसताना. सूर्य वर आला. कॅनचा पत्रा हाताला गरम लागू लागला. त्यांनी डोक्यावरचा पदर काढून एका कॅनवर घातला. दुसऱ्यावर शहादेवने सदरा घातला. गोणपाटं वाळून गेली होती, ओली करायला पाणी नव्हतं. नाली पावसाळ्यापासून कोरडी होती.

बहात्तरच्या दुष्काळात त्या याच अंगाच्या रस्त्यावर खडी फोडायला होत्या. नवी नवरी. दुपारी लोखंडी कढईतली सुकडी मिळायची. तेव्हा अन्न नव्हतं, पण इतकं निराश नव्हतं वाटलं. खडी फोडताना बाया गाणी म्हणायच्या. पाऊस आला की सगळं पुन्हा असणार, असं प्रत्येकीला वाटायचं. पाऊस आला आणि खरंच सगळं आलं; कारखाना आला, संस्था आली. आता पाऊस आला तरी काय येणार होतं?

अखेर एका मालट्रकने घेतलं. केंद्राच्या फाटकाशी उतरले तेव्हा आतली मोटार बंद झाली होती आणि तपासनीस पोरगा हात पुसत होता. चंद्रभागाबाईंना बघून त्याने तपासणीची नळी पुन्हा बाहेर काढली. तो भला होता. कॅनचं झाकण उघडून त्याने वास घेतला, आणि नळीत थोडं दूध घेऊन तापवलं. नळीच्या काचेवर बारीक गाठी चढल्या.

"फाटलं, काकू."

"सगळं?"

त्याने दुसरा कॅनही तपासला. तोही तसाच.

"कॅन स्वच्छ हायत," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "बघ, वास घे रबराचा."

"तुमच्या कॅनला कोण नावं ठेवील? उन्हानं झालं हे."

"मग आज खाडा धरू नगं. आम्ही आलोय. दूध आलंय."

"फाटलेलं दूध आलं, तर ते न आल्यातच धरत्यात. नंबर वरून कट व्हतो, माझ्या हातात न्हाई." त्याने नळी विसळून ठेवली. मग म्हणाला, "काकू, खरं सांगू का? हे केंद्रच बंद करायचं चाललंय. तुमी पुढं गेलात, आमी मागनं येतो."

दूध त्यांनी केंद्रामागच्या खड्ड्यात ओतलं. दुसरं काही करता येत नव्हतं. कुत्री आली.

छावणीत पोचल्या तेव्हा बाया दावणीपाशीच उभ्या होत्या. रिकाम्या कॅनचा आवाज नेहमीसारखाच होता, पण बायांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. रतनबाईचा नवरा कालच तोडीवरून आला होता. तो आडोशाच्या दोऱ्या सोडायला लागला.

"थांबा की उद्यापर्यंत," रतनबाई म्हणाली.

"उद्या काय हाय?"

रतनबाईने चंद्रभागाबाईंकडे बघितलं. मग तिने गाईच्या कपाळावरची धूळ पदराने पुसली, दावं सोडलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. गाय चालेना. तिला वाटलं असेल, अजून वाढं टाकायचं राहिलंय.

आसाराम कॅनपाशी येऊन बसला. त्याने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. "माझ्या हाताला जोर न्हाई ऱ्हायला," तो म्हणाला. "पट्टी बसली न्हवती. मला दिसलंतं."

"दुसऱ्या बाजूला वाजलं न्हवतं. मी ऐकलंतं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

पदराच्या गाठीतून त्यांनी ती फाटकी कडी काढून त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ती बोटात फिरवली. "आगं, पर तू ही धुतलीस कावून?"

"रबर होतं म्हणून."

तो हसला. खरंच हसला, घशातून, आणि मग त्याचे खांदे हलत राहिले आणि ते हसणं राहिलं नाही. चंद्रभागाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

टँकर आला. बाया धावल्या, पण रोजच्यासारखी भांडणं झाली नाहीत. कुणीतरी चंद्रभागाबाईंचाही ड्रम भरून आणून ठेवला. सोड्याचा डबा चुलीशेजारी होता. शहादेवने कॅन आणून त्यांच्यापुढे ठेवले, रोज ठेवायचा तसे, आणि तो उभा राहिला. आत फाटलेल्या दुधाचा थर वाळत आला होता. झाकणाच्या कडेला, रबराखाली, तो पिवळा दिसायला लागला होता.

"काकू, पाणी तापवू का?"

त्यांनी ड्रमकडे पाहिलं. मग ड्रमातलं पाणी बादलीने काढलं आणि उरलेल्या गाईंपुढे ठेवायला चालू लागल्या. कॅन तिथंच राहिले. त्या रात्री पहिल्यांदाच संस्थेच्या कॅनची रबरं कुणी काढली नाहीत.